पैसे कोणाचे हे लपवलं की जनसंपर्काचं काय होतं? (बेल पॉटिंजर आणि आपण)

मीनल_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात जनसंपर्क सल्लागार म्हणून काम करते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांशी व्यवसायातल्या नीतिमत्तेवर बोलायचं होतं, त्यासाठी बेल पॉटिंजरचं प्रकरण पुन्हा मुळापासून वाचून काढलं. इथे पत्रकार आहेत, वकील आहेत, दक्षिण आफ्रिकेत राहणारेही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बेल पॉटिंजर ही लंडनची बडी जनसंपर्क कंपनी. टिम बेल म्हणजे मार्गारेट थॅचर यांच्या प्रचारामागचा माणूस, त्यांच्या नावाने ती ओळखली जायची. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांचं कामही या कंपनीने घेतलं होतं. २०११ मध्ये 'ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम'चे पत्रकार उझबेकिस्तान सरकारची माणसं असल्याचं भासवून त्यांना भेटले. गूगलवर नकोशा बातम्या खाली कशा ढकलायच्या, विकिपीडियावरचा मजकूर कसा बदलून घ्यायचा, सरकारमध्ये आपल्या ओळखी कुठवर आहेत, हे सगळं वरिष्ठांनी त्या भेटीत आपल्या तोंडाने सांगितलं. ते छापून आलं, चार दिवस ओरड झाली आणि कंपनीचं काम पूर्वीसारखं चालू राहिलं.

२०१६ च्या सुरुवातीला त्यांना जोहान्सबर्गचं काम मिळालं. गिऱ्हाईक होतं ओकबे, म्हणजे गुप्ता बंधूंची कंपनी. अजय, अतुल आणि राजेश, मूळचे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी त्यांचा घरोबा, आणि झुमांचा मुलगा दुदुझाने त्यांच्या धंद्यात भागीदार. मार्च २०१६ मध्ये उपअर्थमंत्री म्सेबिसी जोनास यांनी जाहीर सांगितलं की गुप्ता कुटुंबाने आपल्यापुढे अर्थमंत्रिपद ठेवलं होतं. देशाचा मंत्री कोण व्हावा हे एक खासगी कुटुंब ठरवतंय, असा हा आरोप. अशा गिऱ्हाइकाच्या कामाचे महिन्याला एक लाख पौंड ठरले होते.

आरोपांना उत्तर देणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथे सगळा जोर विषय बदलण्यावर होता. 'आर्थिक वर्णभेद' अजून संपलेला नाही आणि खरा शत्रू म्हणजे 'गोऱ्यांचं मक्तेदार भांडवल', ही भाषा भाषणांमधून, संकेतस्थळांवरून, सोशल मीडियावरून पसरवायची. गुप्तांवर टीका करणारा जो कोणी असेल तो त्या भांडवलाचा हस्तक. ऐकणाऱ्याला वाटायचं, रस्त्यावरचा माणूस बोलतोय. मजकूर लंडनहून येतोय आणि त्याचं बिल गुप्तांच्या कंपनीला जातंय, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

२०१७ च्या मे-जूनमध्ये गुप्ता कुटुंबाच्या ईमेलचा साठा फुटला आणि या मोहिमेचा तपशील त्यातून बाहेर आला. जुलैमध्ये बेल पॉटिंजरने माफी मागितली आणि या कामाची प्रमुख असलेल्या बाईंना काढून टाकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने ब्रिटनच्या पीआरसीए या व्यावसायिक संघटनेकडे तक्रार केली होती. ४ सप्टेंबर २०१७ ला संघटनेने कंपनीचं सदस्यत्व किमान पाच वर्षांसाठी रद्द केलं. मोहिमेमुळे वांशिक तेढ भडकण्याची शक्यता होती आणि प्रत्यक्षात तसंच झालेलं दिसतं, असा तो निवाडा. गिऱ्हाइकं एकामागोमाग एक सोडून गेली आणि १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आठ दिवसांत खेळ संपला.

आमच्या व्यवसायात ही गोष्ट 'बघा, शेवटी न्याय झाला' अशा सुरात सांगितली जाते. मला तो सूर पटत नाही. पत्रकारांनी जिवावर उदार होऊन ईमेल बाहेर काढले नसते तर काहीही झालं नसतं. २०११ मध्ये काहीही झालं नव्हतंच.

माझं म्हणणं एवढंच आहे: जनसंपर्काच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे आपण कोणाच्या पैशाने बोलतोय हे लपवणं. खोटी माहिती कोणीतरी तपासून खोडून काढू शकतं. बोलणाराच दडून बसला की खोडून काढायला समोर माणूस उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

जोबर्गवासी

मीनलताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी त्या काळात इथेच, जोहान्सबर्गमध्ये होतो आणि आजही आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

बाहेरून वाचणाऱ्याला असं वाटतं की लंडनच्या कंपनीने खोटंनाटं रचलं आणि लोक फसले. तसं झालं नाही. इथली विषमता शंभर टक्के खरी आहे. १९९४ ला मतदानाचा हक्क मिळाला, पण जमीन, कारखाने, शेअर यांची मालकी फारशी हलली नाही. सोवेटो या काळ्या लोकांच्या वस्तीतून पहाटे निघून दोन टॅक्सी बदलून सँडटनच्या श्रीमंत भागात कामाला येणाऱ्या बाईला 'आर्थिक वर्णभेद' म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. 'गोऱ्यांचं मक्तेदार भांडवल' हा शब्दप्रयोगही डाव्या चळवळीत आधीपासून होता. त्यांनी तो उचलला आणि एका कुटुंबाची ढाल म्हणून वापरला. लोकांचं खरं दुःख भाड्याने घेतलं, असं मी म्हणेन. मला त्याचा राग येतो तो यासाठी.

आणि त्याची झळ कोणाला लागली बघा. अर्थमंत्री प्रवीण गोर्धन, डर्बनचे, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेला माणूस. त्यांना गोऱ्या भांडवलाचा प्यादा ठरवलं गेलं. संपादक फेरियल हाफजी यांची छायाचित्रं बदलून घाणेरड्या रूपात फिरवली गेली. एका चित्रात त्या उद्योगपती योहान रूपर्ट यांच्या मांडीवर बसलेल्या दाखवल्या होत्या. स्तंभलेखक पीटर ब्रूस यांच्या घरासमोर जून २०१७ मध्ये एका गटाने निदर्शनं केली, तिथे गेलेल्या पत्रकारांना धक्काबुक्की झाली. संपादकांच्या संघटनेला त्या गटाविरुद्ध न्यायालयातून मनाई आणावी लागली.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ट्विटरवरच्या खोट्या खात्यांशी आपला संबंध असल्याचं बेल पॉटिंजरने नाकारलं होतं. गुप्तांचं स्वतःचं 'द न्यू एज' हे वृत्तपत्र होतं, एएनएन७ ही वाहिनी होती, इतर लोकही कामाला लावलेले होते. कोणती घाण कोणी केली हे वेगळं काढणं अवघड आहे. पण मुळात असं धुकं तयार होतं तेच मीनलताई म्हणतात त्या कारणामुळे. बोलणारा दिसत नसला की जबाबदारीही कोणाची राहत नाही.

३० मार्च २०१७ च्या रात्री गोर्धन यांना काढलं. चार दिवसांत एस अँड पी या पतमानांकन संस्थेने देशाचं मानांकन 'जंक' दर्जापर्यंत, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या पातळीवर खाली आणलं. त्याचा भार गुप्तांनी उचलला नाही, ते पुढे देश सोडून गेले. झुमांना फेब्रुवारी २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. लंडनची कंपनी बुडाली म्हणून इथे कोणाचं काही भरून आलं नाही. इथल्या लोकांना भरपाई म्हणून एक माफीनामा मिळाला.

आणि आज खऱ्या विषमतेबद्दल कोणी बोललं तरी पलीकडून पटकन उत्तर येतं, 'हे बेल पॉटिंजरचं बोलणं.' खरा प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला तेच नाव कामी येतं. हे नुकसान कोणत्याही अहवालात मोजलेलं नाही.

---

ऋजुता

शेवटचा परिच्छेद वाचून सुन्न झाले. या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

---

ॲड_देशमुख

विषय चांगला आहे, पण विरोधी मत नोंदवतो.

आपण नकळत 'वाईट गिऱ्हाईक घेणं म्हणजेच वाईट काम' या निष्कर्षाकडे सरकतोय. मी फौजदारी वकिली करतो. ज्याच्यावर अख्खं गाव थुंकतंय त्याचीही बाजू मांडली गेलीच पाहिजे, हा आमच्या व्यवसायाचा पाया आहे. मग लोकमताच्या दरबारात एखाद्याने आपली बाजू मांडायला माणूस नेमला तर बिघडलं कुठे? आज गुप्ता नको म्हणाल, उद्या एखाद्या खोट्या आरोपात अडकलेल्या माणसालाही कोणी उभं करणार नाही. माध्यमांनी आधीच दोषी ठरवलेली आणि पुढे निर्दोष सुटलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना तेव्हा चांगला जनसंपर्क सल्लागार मिळाला असता तर निदान मुलांना शाळा बदलावी लागली नसती.

---

मीनल_कर्वेनगर

देशमुख साहेब, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो मी मानते. बदनाम माणसाचं काम घेऊ नये असं मी म्हणणार नाही.

पण तुम्ही कोर्टात उभे राहता तेव्हा काय काय झालेलं असतं ते आठवा. तुमचं वकीलपत्र दाखल असतं, म्हणजे तुम्ही कोणातर्फे बोलताय हे न्यायाधीशापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. समोर सरकारी वकील असतो, तो तुमच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. तुम्ही प्रेक्षकांत माणसं पेरून 'आरोपी निर्दोष आहे' असं ओरडायला लावू शकत नाही, आणि फिर्यादीची खोटी छायाचित्रं बाररूममध्ये वाटू शकत नाही. एवढी सगळी बंधनं आहेत म्हणून समाज तुम्हाला नकोशा माणसाची बाजू मांडू देतो. आमच्याकडे वकीलपत्रच नाही.

अमेरिकेत १९३८ चा एक कायदा आहे, 'फारा' म्हणतात त्याला. परदेशी सरकारसाठी किंवा पक्षासाठी तिथे प्रचार करणाऱ्याला न्याय खात्याकडे नोंद करावी लागते, किती पैसे मिळाले, त्यातून काय केलं हे सांगावं लागतं. त्यात पळवाटा भरपूर आहेत, तरी निदान कागद असतो. आपल्याकडे जनसंपर्कासाठी असलं काहीच नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने २१ एप्रिल १९६८ ला आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली, म्हणून तो दिवस आम्ही राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून साजरा करतो. पण सदस्य होणं ऐच्छिक आहे. ज्याला संहिता पाळायची नाही त्याने सदस्य होऊ नये, इतकं ते सोपं आहे.

---

इतिहासाचा_मास्तर

या व्यवसायाच्या अगदी मुळाशीच ही गाठ आहे. आयव्ही ली यांना जनसंपर्काच्या आद्य पुरुषांपैकी एक मानतात. १९०६ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना आपल्या कामाची तत्त्वं कळवली. आमचं कार्यालय गुप्त नाही, सगळं काम उघड्यावर चालतं, आम्ही अचूक माहिती देऊ, असा त्याचा सारांश. जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांत हे आजही शिकवतात.

आठ वर्षांनी, २० एप्रिल १९१४ रोजी, कोलोरॅडोत लडलो इथे संपावर गेलेल्या कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. हल्ला करणारे राज्याचे सैनिक आणि कंपनीचे रखवालदार. गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखाली खड्डा खणून बायका-मुलं लपली होती, त्यातली ११ मुलं आणि दोन बायका गुदमरून गेल्या. खाणीची मालकी रॉकफेलर कुटुंबाकडे. देशभर संताप उसळला तेव्हा रॉकफेलरनी आयव्ही ली यांना नेमलं.

ली यांनी पत्रकं काढायला सुरुवात केली. मदर जोन्स ही कामगारांची म्हातारी पुढारी, तिच्यावर कुंटणखाना चालवल्याचा आरोप पत्रकातून पसरवला. संघटनेच्या पुढाऱ्यांचा वर्षभराचा पगार नऊ आठवड्यांचा म्हणून छापला. पुढे औद्योगिक संबंध आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. ही माहिती खरी आहे का हे तपासायला तुम्ही स्वतः काय केलंत, असं विचारल्यावर आपण काहीच केलं नाही, कंपनीने दिली तशी छापली, असं त्यांनी कबूल केलं.

मीनलताई, इथे मला तुमच्या मांडणीत थोडी भर घालावीशी वाटते. पत्रकं कोणाच्या बाजूची आहेत हे वाचणाऱ्याला दिसत होतं. तरीही ती घातक ठरली, कारण एका बाजूला छापखाना, टपालखर्च, देशभरच्या संपादकांचे पत्ते, आणि दुसऱ्या बाजूला जळालेले तंबू. नाव उघड केल्याने सत्तेचा तोल सावरत नाही. ज्याची पोच मोठी त्याच्यावर तपासून बोलण्याचं ओझंही मोठं हवं.

---

मीनल_कर्वेनगर

मास्तर, हे मान्य. नाव उघड करणं ही पहिली पायरी, आणि गिऱ्हाइकाने दिलेली माहिती आपण तपासणं ही दुसरी. आमच्या धंद्यात दुसऱ्या पायरीबद्दल फार कमी बोलतात. 'क्लायंटने दिलंय' म्हटलं की विषय संपतो.

---

नगरचे_काका

मी जिल्हा वार्ताहर म्हणून आयुष्य काढलं. आता निवृत्त आहे. परदेशातलं राहू द्या, आपल्या दारातलं सांगतो.

२००९ ची विधानसभा निवडणूक. तेव्हा 'पॅकेज' हा शब्द आमच्या कानाला इतका सरावला की त्यात काही वावगं आहे हे नव्या पोरांना सांगावं लागायचं. उमेदवाराच्या पदयात्रेची बातमी, त्याची मुलाखत, विरोधकाची बातमी न छापणं, सगळ्याचे दर. मजकूर उमेदवाराच्या माध्यम सांभाळणाऱ्याकडून टाइप होऊन यायचा. वार्ताहराने फक्त गावाचं नाव आणि तारीख बघायची. जाहिरात असेल तर 'जाहिरात' असं वर छापतात, इथे तेवढंच छापायचं नाही याचे पैसे होते.

पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षी 'द हिंदू'त हे चव्हाट्यावर आणलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा एकच मजकूर शब्दशः छापून आलेला त्यांनी दाखवला. पानंच्या पानं मजकूर आला होता, आणि निवडणूक खर्चात जाहिरातींपोटी दाखवले होते ११,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगापुढे वर्षानुवर्षं चाललं. २०१४ मध्ये आयोगाने खर्चाचा हिशेब नीट दिला नाही म्हणून नोटीस काढली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याच्या भाषेत ते तिथे मिटलं, हेही सांगितलं पाहिजे. उत्तर प्रदेशात मात्र बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असाच खर्च लपवल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली होती. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांची नावं घेऊन. कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो त्याचा छोटा अवतार, नावं गाळलेला. पूर्ण अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ मध्ये. दुसऱ्याला आरसा दाखवणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडावर पडदा टाकला, याचं दुःख मला अजून आहे.

मीनलताई, तुमच्या लोकांचा यातला वाटा तुम्ही प्रामाणिकपणे मांडताय म्हणून बरं वाटलं. पण हात दोन्हीकडचे होते. मजकूर पाठवणारा होता तसा छापणाराही होता.

---

रा_रा_पाटील

सरकारी जनसंपर्काबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. छोट्या साप्ताहिकाचं आणि जिल्हा दैनिकाचं पोट बऱ्याचदा सरकारी जाहिरातीवर भरतं. ती जाहिरात कोणाला द्यायची, बिल कधी काढायचं, हे ज्याच्या हातात आहे त्याला वेगळी धमकी द्यावी लागत नाही. संपादक आपणहून हात आखडता घेतो.

१३ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सांगितलं होतं की सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रं असावीत. राज्यांनी फेरविचार मागितला आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री सगळेच आत आले. पैसा जनतेचा, चेहरा नेत्याचा. इथे पैसे कोणाचे हे लपलेलं नाही, तरी गैरवापर आहेच. मास्तरांचं म्हणणं मला इथे लागू पडतं असं वाटतं.

---

तेजश्री_म

नमस्कार. मी इथे सहसा फक्त वाचते. आज धीर करून लिहितेय.

मी एका एजन्सीत अगदी खालच्या पायरीवर आहे. प्रेसनोट पाठवायच्या, वार्ताहरांना फोन करून 'मिळाली का' विचारायचं, सकाळी पेपर चाळून कात्रणं काढायची. कात्रण पट्टीने मोजायचं, किती कॉलम, किती सेंटिमीटर, त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली' असा तक्ता गिऱ्हाइकाला द्यायचा.

आता एका बांधकाम व्यावसायिकाचं काम आलंय. त्याच्या प्रकल्पाला आजूबाजूच्या सोसायट्यांचा विरोध आहे, पाणी आणि रस्त्यावरून. मला सांगितलंय की रहिवाशांच्या नावाने एक 'विकास मंच' काढायचा. फेसबुकवर पान, व्हॉट्सॲप ग्रुप, प्रकल्पाच्या बाजूने पत्रं लिहून संपादकांना पाठवायची, वेगवेगळ्या नावांनी. विरोध करणाऱ्यांमध्ये एक निवृत्त शिक्षिका पुढे आहेत, त्यांच्याबद्दल 'काही सापडतंय का बघ' असंही सांगितलंय.

हे बरोबर नाही हे मला कळतं. पण मी नवीन आहे, घरी हप्ते आहेत. नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाला देतील. मी नेमकं काय करू?

---

सुहास_ठाणे

तेजश्री, तुला सांगितलेल्या कामाचं मोठं रूप इतिहासात आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर अमेरिकेत 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' नावाची संस्था उभी राहिली. नाव नागरिकांचं, पैसा जवळजवळ सगळा कुवेतच्या सरकारचा. त्यांनी हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी नेमली. १० ऑक्टोबर १९९० ला अमेरिकी काँग्रेसच्या मानवी हक्क गटासमोर नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या अर्भकांना काचपेटीतून काढून जमिनीवर मरायला टाकलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला परवानगी दिली.

ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची होती. हे जानेवारी १९९२ मध्ये बाहेर आलं, युद्ध संपून बरेच महिने झाल्यावर. अर्भकांच्या त्या गोष्टीला पुढच्या तपासात आधार मिळाला नाही. कुवेतवरचा अत्याचार खरा होता, म्हणूनच ही गोष्ट खपली. जोबर्गवासींनी सांगितलं तेच, खऱ्या दुःखावर कलम केलेलं.

तुझा 'विकास मंच' छोटा आहे, पण वाचणाऱ्याला फसवायची पद्धत तीच.

---

मीनल_कर्वेनगर

तेजश्री, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तुझं.

पहिली गोष्ट, त्या शिक्षिकेबद्दल काहीही शोधू नकोस. फेसबुकवरही नाही, 'फक्त बघते' म्हणूनही नाही. मंचाच्या बाबतीत चर्चेला जागा आहे, या बाबतीत नाही. एका नागरिकाचं खासगी आयुष्य उकरणं हे जनसंपर्काचं काम नाही, आणि उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर शोध कोणाच्या लॅपटॉपवरून झाला एवढंच बघितलं जाईल.

दुसरं, तोंडी सांगितलेलं सगळं लेखी कर. भांडायच्या सुरात नको, कामाच्या सुरात. मी असा मेल पाठवला असता:

'कालच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे विकास मंचाचं काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करून हव्यात. पानावर आणि पत्रांखाली हा उपक्रम संबंधित कंपनीच्या सहकार्याने आहे असा उल्लेख करायचा आहे ना? तसा उल्लेख नसेल तर वेगवेगळ्या नावांनी जाणाऱ्या पत्रांची जबाबदारी कोणाच्या सहीने राहील? प्रकल्पाला खरोखर पाठिंबा असलेले रहिवासी असतील तर त्यांना भेटून त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने मजकूर तयार करायला मी तयार आहे. स्थानिक व्यक्तींची खासगी माहिती जमवण्याचं काम मी करू शकणार नाही.'

यात तू काम नाकारलेलं नाहीस. उघडपणे करायची तयारी दाखवली आहेस. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा असला मेल गेला की वरचे लोक स्वतःच मागे सरतात, कारण सही कोणालाच करायची नसते. उरलेल्या निम्म्या वेळा त्रास होतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तसं झालं तर मला इथे व्यक्तिगत निरोप पाठव. दोन-तीन ठिकाणी शब्द टाकते.

आणि ती पट्टी. कात्रणांना जाहिरातीच्या दराने गुणून कामाची किंमत काढणं चुकीचं आहे, हे २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये व्यवसायाने स्वतःच मान्य केलं. तरी आपण मोजतोच. त्या तक्त्यातून गिऱ्हाईक एकच धडा घेतं, की बातमी म्हणजे फुकट मिळालेली जाहिरात. मग 'मंच' काढा म्हणायला त्याला संकोच कशाला वाटेल?

---

नगरचे_काका

पोरी, वेगवेगळ्या नावांची पत्रं संपादकाकडे आली की अनुभवी माणूस ओळखतो. तीच वाक्यरचना, तोच फॉन्ट, एकाच दुपारी आलेली. मी कितीदा तरी पत्राखालच्या पत्त्यावर माणूस पाठवून खात्री करायचो. तुझं नाव अशा पत्रांशी एकदा जोडलं गेलं की पुढे तुझी खरी प्रेसनोटही कोणी उघडून बघणार नाही. या धंद्यात तुझी पुंजी म्हणजे वार्ताहराचा तुझ्यावरचा विश्वास. ती पुंजी तुझी आहे, एजन्सीची नाही.

---

ॲड_देशमुख

मीनलताई, वकीलपत्राच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याला माणूस मिळाला पाहिजे यावर मी अजून ठाम आहे. मात्र बोलणाऱ्याने कोणातर्फे हे सांगितलंच पाहिजे, यावर तुमच्याशी पूर्ण सहमत.

एक कायदेशीर बाजू. जनसंपर्क सल्लागार नीरा राडिया यांची आयकर खात्याने टॅप केलेली संभाषणं नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, मंत्रिमंडळात कोण असावं यावर जनसंपर्क सल्लागार आणि पत्रकार बोलताना देशाने ऐकलं. २०२२ मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की तपासात त्यात गुन्हा आढळला नाही. तेव्हा फौजदारी कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. करारातून जास्त साधेल. एजन्सी आणि गिऱ्हाईक यांच्या करारात साधं कलम घालता येतं: गिऱ्हाइकाची ओळख लपवून कोणताही मजकूर प्रसिद्ध केला जाणार नाही, खोट्या नावाने संस्था किंवा खातं उघडलं जाणार नाही, आणि तशी सूचना आल्यास एजन्सीला नोटीस न देता करार संपवून झालेल्या कामाचे पैसे घेता येतील. शेवटचा भाग महत्त्वाचा. पैसे अडकतात म्हणून माणसं गप्प बसतात.

---

मीनल_कर्वेनगर

देशमुख साहेब, मसुदा पाठवाल का? आमच्या पुढच्या तिमाहीच्या करारांचं नूतनीकरण याच महिन्यात आहे. कर्मचाऱ्याने असं काम नाकारलं तर त्याच्यावर कारवाई होणार नाही, हेही त्यात बसवता येईल का?

---

ॲड_देशमुख

ते गिऱ्हाइकाच्या करारात बसणार नाही, तुमच्या नेमणूकपत्रात घालावं लागेल. दोन्ही मसुदे शनिवारपर्यंत देतो. तेजश्रीलाही पाठवतो, तिला तिच्या वरिष्ठांपुढे ठेवायला उपयोगी पडेल.

---

तेजश्री_म

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल आज दुपारी पाठवला. शिक्षिकाबाईंचं काम रद्द केलंय असं तोंडी सांगितलंय, मी ते लेखी मागितलंय. मंचाचं सोमवारी ठरणार आहे.